कप न आणलेल्या पोरी

जळगावहून मुंबईला जाणारी ट्रॅव्हल्सची बस संध्याकाळी सुटायची. मी सिंगापूरला निघाले त्या दिवशी तिथं मला सोडायला दोन घोळके उभे होते. एक घरच्यांचा. आई, बाबा, काका-काकू, हातात फरसाणाच्या पिशव्या, केळ्याचे वेफर्स, कळण्याचं पीठ. दुसरा घोळका जरा लांब, रसवंतीच्या कडेला. प्रॅक्टिसवरून थेट आलेल्या पोरी, गुडघ्यापर्यंत माती, आणि त्यांच्या मधोमध शिट्टी गळ्यात तशीच ठेवून आलेले आमचे चौधरी सर. बाबांना त्या घोळक्याचा थोडा संकोच वाटत होता. लग्न झालेली मुलगी नवऱ्याकडे निघालीये आणि तिला निरोप द्यायला ही ट्रॅकपँटवाली फौज!

बसमधल्या एका काकांनी खिडकीतून विचारलं, "काय कार्यक्रम आहे?"

सर म्हणाले, "आमची कॅचर चालली. बेसबॉलची. राज्यात दुसरा नंबर आहे पोरींचा."

"दुसरा का? पहिला का नाही?"

सरांच्या आधीच उत्तर दिलं रुक्सानाने. ती आमची पिचर, म्हणजे मी कॅचर म्हणून मागे बसून झेलायचे तो चेंडू टाकणारी, आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. "पहिला नंबर एकच असतो ना काका," ती म्हणाली, आणि पोरी खो खो हसल्या.

आईने खिडकीतून हात घालून माझ्या तोंडावरून फिरवला. "तठे वेळवर जेवजो माय," एवढंच म्हणाली. बाबांनी जाताना एक शिकवण दिली, "परक्या देशात आपलं दुखणंखुपणं कुणाला सांगत बसायचं नाही. आपलं काम भलं नि आपण भले." आणि बस हलली तेव्हा रुक्साना खिडकीबरोबर चालत राहिली. "तिकडे पिचर भेटली तर सांग गं, वर्षे," ती ओरडली. "माझ्यापेक्षा फास्ट असली तर नको सांगू."

पोरींनो, तुमच्या आग्रहाखातर हे लिहितेय. ग्रुपवर परवा कुणीतरी जुना फोटो टाकला आणि सगळ्यांनी मला धारेवर धरलं, की तू तिकडे काय खेळतेस ते कधी नीट सांगत नाहीस. तुमच्यातल्या निम्म्या जळगावात आहेत, निम्म्या सुरत, नाशिक, दुबई अशा पांगल्यात. तेव्हा आपलं आधी आणि माझं इथलं नंतर, असं सगळं एकदाच सांगते.

आपण चांगल्या होतो. हे मी आता, चाळिशी ओलांडल्यावर, कुठलाही फुगवटा न देता सांगू शकते. शाळेच्या मैदानाच्या एका बाजूला कापसाचं जिनिंग होतं आणि वाऱ्याने कापसाचे पुंजके तिसऱ्या बेसवर येऊन पडायचे. सगळ्या संघात मिळून एक मास्क. ग्लोव्ह फाटले की सर ते बाजारातल्या चांभाराकडून शिवून आणायचे, आणि शिवलेल्या जागी चेंडू लागला की तळहात दोन दिवस ठणकायचा. उन्हाळ्यात मैदान तव्यासारखं तापायचं. तरी रुक्सानाचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये पडला की जो आवाज यायचा, तो ऐकायला जिनिंगचे कामगार भिंतीवर चढून बसायचे.

तीनदा आपण राज्याची फायनल खेळलो आणि तिन्ही वेळा हरलो. पहिल्यांदा रुक्सानाचं बोट मोडलेलं होतं. दुसऱ्या वर्षी संगीताचं लग्न नेमकं त्याच आठवड्यात ठरलं. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, तिच्यासारखी झेप कुणाचीच नव्हती, तिच्या जागी उभी केलेली पोर बिचारी सामनाभर घाबरून होती. तिसऱ्या वर्षी सगळ्या होत्या, सगळ्या धडधाकट होत्या, आणि तरी एका रनने हरलो. काही चुकलं नव्हतं. समोरच्या पोरी त्या दिवशी एवढ्याशा जास्त चांगल्या खेळल्या. हे पचवायला सगळ्यात जड गेलं.

गावात परतलो की एकच प्रश्न असायचा. "कप आणला का?" नाही म्हटलं की समोरचा माणूस "असू दे, असू दे" म्हणत विषय बदलायचा, जणू आपण आजारातून उठून आलो होतो. त्यानंतर एकेक लग्न होत गेलं. संगीता सुरतला, मग दोघी नाशिकला, मग मी. आपल्याला कुणा संघाने फोडलं नाही. पत्रिका छापल्या गेल्या आणि आपण संपलो.

सिंगापूरला निखिल, माझा नवरा, लग्नानंतर लगेच पुढे आला होता. तो मूळचा पुण्याचा, वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत. आम्ही क्वीन्सटाउनला जुन्या सरकारी एचडीबी ब्लॉकमध्ये फ्लॅट भाड्याने घेतला. त्याच्या नोकरीच्या एम्प्लॉयमेंट पासवर माझा डिपेंडंट, म्हणजे अवलंबिताचा, पास. या शब्दाचा अर्थ मला माहीत होता, पण कार्ड हातात आलं तेव्हा तो पुन्हा एकदा कळला. निखिल सकाळी एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, जायचा. मी खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर जाऊन बोटाने दाखवून काहीतरी शाकाहारी मागायचे आणि वर येऊन एकटी खायचे. वेळेवर. आईला फोनवर तेवढं तरी खरं सांगता यायचं.

बाबांचा सल्लाही मी तंतोतंत पाळला. लिफ्टमध्ये हसायचं, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदक वळायचे, बुकित तिमाहच्या काँडोमध्ये कुणाकडे हळदीकुंकू असलं की साडी नेसून जायचं. सगळे चांगलेच होते. पण कुणालाही, अगदी कुणालाही, मी कधी सांगितलं नाही की मला बरं वाटत नाहीये.

ईरा झाली. ती तीन वर्षांची असताना एका रविवारी सकाळी तिला बाबागाडीत घालून मी फिरायला निघाले, आणि झाडांच्या पलीकडून तो आवाज आला. ग्लोव्हमध्ये चेंडू पडल्याचा. चांगल्या चेंडूचा. मी बाबागाडी वळवली.

मैदानावर दहाबारा बायका होत्या, विशीपासून पन्नाशीपर्यंतच्या. कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टोपी घातलेल्या एक बाई बसल्या होत्या, शाळेत पीई शिकवून निवृत्त झालेल्या. त्या मेई लिंग आन्टी. मी कुंपणाशी किती वेळ उभी होते कोण जाणे, त्यांनी मान न वळवताच विचारलं, "यू प्ले बिफोर, इज इट?"

"बिफोर," मी म्हणाले. "लाँग बिफोर."

"व्हॉट पोझिशन?"

"कॅचर."

आता त्यांनी मान वळवली. कॅचर कुणालाच व्हायचं नसतं, हे जगात सगळीकडे सारखंच असावं. त्या उठल्या, बाबागाडीचा दांडा स्वतःच्या हातात घेतला आणि खुर्चीखालचा ग्लोव्ह मला दिला. "बेबी आय होल्ड. यू गो."

मी बसले. आई झाल्यापासून पहिल्यांदाच तशी बसले, गुडघे कुरकुरले. समोर कानाको होती, जपानी, माझ्याच वयाची, नवऱ्याच्या बदलीमुळे इथं आलेली. तिने चेंडू टाकला आणि माझा तळहात ठणकला. रुक्साना, फास्ट असली तरच सांगू नको म्हणाली होतीस, तरी मी इतकी वर्षं सांगितलं नाही. ती तुझ्यापेक्षा फास्ट नाहीये. पण अचूक आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर निखिल म्हणाला, "अगं, काय झालं? कुणी भेटलं का?" मी आरशात पाहिलं तर कपाळाला माती आणि तोंडावर हसू.

आमची लीग छोटी. चारपाच संघ, रविवारच्या रविवार सामने. आमच्या संघात कानाको, फिलिपिन्सहून आलेली नर्स ग्रेस, एक तैवानची, दोन कोरियन, काही इथल्या. आम्ही सुंदर खेळायचो. दुसऱ्या संघांच्या बायका स्वतःचा सामना संपल्यावर आमचा बघायला थांबायच्या. आणि आम्ही लीग कधीच जिंकलो नाही. आन्टी हा संघ चालवायला लागल्या तेव्हापासून एकदाही नाही.

कारण कळायला मला दोन सीझन लागले. संघ जुळत यायचा, आणि नेमकं कुणीतरी जायचं. कुणाच्या नवऱ्याची बदली, कुणाचा पास संपला, कुणाची आई मायदेशी आजारी. विमानतळावर फुगे आणि रडारड, आणि पुढच्या रविवारी सगळ्या एकेक जागा सरकवून पुन्हा उभ्या. मला हे ओळखीचं वाटायचं. जळगावात लग्नपत्रिका होत्या, इथं पास.

गेल्या वर्षी मात्र सीझनभर कुणीच गेलं नाही. आम्ही फायनलला पोचलो. आन्टी सामना ठरल्यापासून तोंडातून "फायनल" हा शब्द काढत नव्हत्या, नुसतं "दॅट संडे" म्हणायच्या.

आणि त्याच महिन्यात निखिलच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं. तो दुपारीच घरी आला, हातात कुंडी. टेबलावरचं मनी प्लांट तेवढं घेऊन आला होता. आम्हाला पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, मिळालेलं नव्हतं, दोनदा अर्ज करून. आम्हा तिघांचं इथलं राहणं त्याच्या पासवर होतं. आता नवी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर महिन्याभरात निघायचं.

ईरा तोपर्यंत दहा वर्षांची झाली होती. जेवताना आम्ही तिला सांगितलं की कदाचित परत जावं लागेल. तिने डोसा तोडता तोडता विचारलं, "परत मीन्स व्हेअर?"

"पुण्याला. आजीकडे."

"बट आय नेव्हर कम फ्रॉम देअर व्हॉट."

निखिल तिला काहीतरी समजावू लागला. मी तिच्या ताटात आणखी एक डोसा वाढला. पुणे माझंही नव्हतं. माझं जळगाव, तर तिथं सर मुलाकडे नाशिकला राहायला गेलेले, जिनिंग बंद पडलेलं, अर्ध्या मैदानावर पार्किंग. ईरा उगाच बोलत नव्हती. परत म्हणजे नक्की कुठे?

निखिलला पुण्याची एक ऑफर लगेच आली. चांगली होती. शिवाय त्याचे आई-बाबा थकत चाललेत, त्यांच्याजवळ राहता आलं असतं. इथंही बुओना व्हिस्टाला एका छोट्या कंपनीत मुलाखतीचा पहिला राउंड झाला होता, पण पुढचं काही कळत नव्हतं. तो रोज सकाळी शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा. मी रविवारी मैदानावर जायचे आणि कुणालाही काही बोलायचे नाही. बाबा, तुमची शिकवण.

फायनलला ढग दाटून आले होते. निखिल ईराला घेऊन आला आणि कुंपणाजवळ उभा राहिला. समोरचा संघ वयाने लहान, पाय चपळ. पण कानाको त्या दिवशी अशी खेळली की मला ग्लोव्ह हलवावासुद्धा लागत नव्हता. शेवटची इनिंग उरली तेव्हा आम्ही एका रनने पुढे होतो. एवढ्यात विजांचा इशारा देणारा लाल दिवा लुकलुकायला लागला. पंचांनी खेळ थांबवला आणि आम्ही सगळ्या पत्र्याच्या शेडखाली पळालो. मग पाऊस कोसळला.

आन्टींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, सगळ्यांना वाटली. ग्रेस रात्रपाळी करून आली होती, ती खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. कानाको ओला चेंडू टॉवेलमध्ये घोळवत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला एकदम वाटलं, की यांना मी असं न सांगता सोडून गेले तर तो खोटेपणा होईल.

"माय हजबंड लॉस्ट हिज जॉब," मी म्हणाले. "नेक्स्ट मंथ मेबी आय एम नॉट हिअर."

पावसाच्या आवाजात मला वाटलं कुणाला ऐकूच गेलं नाही. मग कानाकोने टॉवेल खाली ठेवला. "मी टू," ती म्हणाली. "नागोया. आफ्टर न्यू इयर. आय वॉज गोइंग टु टेल आफ्टर द मॅच." आणि ती रडायला लागली, आणि तिला रडताना बघून मीही. ग्रेसने डोळे उघडले, काय झालं विचारलं, आणि काही कळायच्या आत तीही.

आन्टी आमच्याकडे बघत राहिल्या. "वाह," त्या म्हणाल्या. "एव्हरीबडी कीप सीक्रेट. देन नेक्स्ट इयर हू प्ले? मी आह?"

रडतारडता सगळ्या हसल्या. आन्टी हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या लेग गार्डचा पट्टा सुटला होता तो त्यांनी खाली वाकून लावला. "नेक्स्ट इयर इज नेक्स्ट इयर," त्या हळू म्हणाल्या. "नाऊ वन इनिंग ओन्ली. यू हिअर, ऑर नॉट हिअर?"

"हिअर," मी म्हणाले.

पाऊस थांबला, पण गवत निसरडं झालं होतं. समोरच्या दोघी आउट झाल्या. मग त्यांच्याच आणखी दोघी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पोचल्या. आणखी एक आउट झाली की कप आमचा. पुढच्या मुलीने चेंडू जमिनीलगत मारला, शॉर्टस्टॉपकडे, ग्रेसकडे. असे चेंडू ग्रेसने वर्षभर झोपेतसुद्धा अडवले होते. ती झेपावली, आणि चेंडू ओल्या गवतावरून घसरत तिच्या ग्लोव्हच्या बाजूने निघून गेला. मी माझ्या जागेवर उभी होते. पहिली धावत आली. दुसरी आली. चेंडू माझ्या हातात पडला तेव्हा समोरच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या.

ग्रेस गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. आन्टी चालत तिच्यापर्यंत गेल्या. या बाईने इतकी वर्षं वाट पाहिली होती आणि कप तिच्या डोळ्यांसमोरून गेला होता. त्यांनी ग्रेसच्या पाठीवर हात ठेवला. "बॉल वेट," त्या म्हणाल्या. "नॉट यू." मग तिला उठवून, हाताला धरून, समोरच्या संघाशी हात मिळवायला घेऊन गेल्या. सगळ्यात पुढे आन्टी होत्या. मी त्यांचा चेहरा पाहिला. वाईट वाटत होतं त्यांना, खूप. पण शरम कुठे नव्हती. आपण जळगावला परतायचो तेव्हा लोकांनी आपल्याला जी लाज चिकटवली होती, ती तिथं, त्या चिखलात, माझ्या अंगावरून गळून पडली. खरंच सांगते. सरांचा चेहराही तेव्हा असाच होता, आपल्याला बघता आला नाही.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, फायनल हरलो. रुक्सानाचा लगेच व्हॉइस मेसेज. "किती फरकाने?"

"एका रनने."

"मग काही नाही. आपल्या घराण्याची रीत पाळली तू."

त्या आठवड्यात बुओना व्हिस्टाच्या कंपनीचा फोन आला. दुसरा राउंड, मग तिसरा, मग ऑफर. पगार आधीपेक्षा कमी. पुण्याची नोकरी समोर होतीच. निखिल दोन्ही बाजू मांडून बसला, आई-बाबा, ईराची शाळा, भाडं. शेवटी म्हणाला, "तुला काय हवंय ते खरं सांग. माझ्यासाठी नको सांगूस."

"मला अजून एक सीझन हवाय," मी म्हणाले.

तो हसला. मग मी हसत नाहीये हे पाहून त्यानेही हसू आवरलं. "बरं," तो म्हणाला, आणि उठून त्याच्या आईला फोन लावला. सासूबाईंनी स्पीकरवर सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तुमचं तिथं बस्तान बसलंय तर राहा बाबांनो. आमचं काय, आम्ही आहोत." त्या वाक्याचं ओझं आहे माझ्यावर. ते उतरावं असं मला वाटतही नाही. राहायचं ठरवलं की ते उचलायचंच.

नवा पास आला. न्यू इयरनंतर कानाको गेली. विमानतळावर तिने मला वाकून नमस्कार केला, मग तो पुरेसा नाही असं वाटून मिठी मारली.

पोरींनो, तुम्ही विचारता, तुला आता घर कुठलं वाटतं. मी खूप विचार केला. जिथं जन्मलो ते, जिथं आई आहे ते, जिथं भाडं भरतो ते, सगळी उत्तरं थोडी थोडी बरोबर आहेत. पण मला असं वाटतं, की आपण निघून गेलो तर जिथं बाकीच्यांना आपापली जागा सोडून सरकावं लागतं, ते घर. मी जळगाव सोडलं तेव्हा पहिल्या बेसवरच्या मंगलला मास्क घालून माझ्या जागी बसावं लागलं होतं, आणि तिला ते कधीच आवडलं नाही, हे मला अलीकडे कळलं. तेव्हा मंगल, तिथलं माझं घर तुझ्या त्या वैतागात होतं. आणि इथलं माझं घर कसं असतं, ते कानाको गेल्यानंतरच्या रविवारी दिसलं.

सीझन सुरू व्हायला अवकाश होता, तरी सगळ्या आल्या होत्या. आन्टींनी चेंडू ग्रेसच्या हातात दिला. "यू पिच," म्हणाल्या. ग्रेसने आयुष्यात कधी पिचिंग केलं नव्हतं. तिच्या जागी शॉर्टला दुसऱ्या बेसवरची कोरियन सरकली, तिच्या जागी आणखी कुणी, आणि उजव्या टोकाला एक नवीच मुलगी उभी राहिली, हैदराबादहून नुकतीच आलेली, कुणाशी काय बोलावं ते न कळणारी. मी मास्क ओढला आणि बसले. ग्रेसचा पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून कुंपणाला लागला. दुसरा जमिनीवर आपटला. तिने लांबून हात जोडले.

"नेव्हर माइंड," मी ओरडले. "अगेन!" आणि चेंडू उचलून तिच्याकडे परत फेकला.